‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्याआधी

दहावीच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी मुलगी म्हणते, “पोटात ढवळतंय, मी जात नाही.” बाबा म्हणतात, “टेन्शन घेऊ नकोस, काही होत नाही.” आई म्हणते, “राहू दे, मी बाईंना फोन करते.” दोघंही बोलतात ते मायेपोटीच, पण दोन्ही उत्तरांनी चिंता बळावते.

पोट खरोखरच ढवळत असतं. मेंदूतल्या अमिग्डलाला धोका जाणवला की अ‍ॅड्रेनॅलिन स्रवतं, छाती धडधडते, पचन मंदावतं. या भीतीला आवर घालणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. अशा वेळी ‘काही होत नाही’ ऐकलं की मुलीला एवढंच कळतं, की आपलं म्हणणं इथे कुणाला पटणार नाही.

भीतीला नाव दिल्याने मात्र फरक पडतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर हे दाखवलं. चेहऱ्यांची छायाचित्रं पाहताना त्यावरची भावना शब्दात सांगितली, की अमिग्डलाची सक्रियता कमी व्हायची. प्रयोग छायाचित्रांपुरता होता, त्यावरून घरासाठी मंत्र काढू नये. तरी “नेमकी कशाची भीती वाटतेय?” असं विचारून उत्तराची वाट पाहणं मला उपदेशापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

आता आईचा फोन. परीक्षा टळली की लगेच हायसं वाटतं, आणि टाळलं म्हणूनच वाचलो, असं मेंदू शिकतो. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी आईवडिलांच्या या सवयीवरच बोट ठेवलं. त्यांच्या उपचारात मूल येतच नाही, फक्त आईवडील येतात आणि मुलाला सतत सोडवण्याची सवय हळूहळू कमी करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२४ मुलांच्या अभ्यासात ही पद्धत मुलांवरच्या थेट मानसोपचाराइतकीच गुणकारी ठरली. “तू घाबरली आहेस, दिसतंय मला. तरी तुला हे झेपेल” अशी वाक्यं हा तिचा कणा. दोन्ही अर्धी हवीत. नुसतं दुसरं म्हटलं तर तो दट्ट्या होतो.

समोर बसवून चौकशी केली की मुलं मिटतात. स्कूटरवर मागे बसल्यावर किंवा भाजी निवडताना बोलती होतात.

झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे विस्कटली असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. जगणं नको झाल्याची भाषा आली तर तसं थेट विचारावं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. मुलाला एकटं सोडू नये आणि तातडीने मदत घ्यावी. टेलि-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.