जमीन सरकारची, सवलत सरकारची. मग आरक्षण कुणाच्या मर्जीवर?

नागपूर हे माहिती तंत्रज्ञानाचे मोठे केंद्र होणार, अशा बातम्या आपण गेली वीस वर्षे वाचत आहोत. मिहानमध्ये टीसीएस आली, इन्फोसिस आली, एचसीएल आली. इंदूर, कोईम्बतूर, भुवनेश्वर, लखनौ यांच्या जोडीने नागपूरचे नावही आउटसोर्सिंगच्या नकाशावर लागले. याचा आनंद आहेच. आपल्या मुलामुलींना नोकरीसाठी पुण्या-बंगलोरला खोली करून राहावे लागू नये, असे कोणत्या आईबापाला वाटणार नाही? परंतु या नोकऱ्यांत आपल्या समाजाचा वाटा किती, हा प्रश्न चळवळीने विचारलाच पाहिजे.

या कंपन्या लहान शहरांत का येतात? अमेरिका-युरोपातील बँका आणि विमा कंपन्या हिशेबाची, संगणकाची, ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची कामे भारताकडे देतात, कारण ती येथे कमी पगारात होतात. तोच हिशेब पुढे देशाच्या आतही लागू झाला. बंगलोर, पुणे, हैदराबादेत जागा महागली, पगार चढले, शिकवून तयार केलेली माणसे वर्षा-दोन वर्षांत दुसरीकडे जाऊ लागली. लहान शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, जागा स्वस्त आहे आणि घरी राहून नोकरी करणारा तरुण कमी पगारातही टिकतो. म्हणजे कंपनी उपकार करायला येत नाही, ती आपल्या फायद्यासाठी येते. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, तिच्यासाठी खर्च कोणी केला?

खर्च जनतेने केला. मिहानसाठी राज्य शासनाने २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी गेल्या. त्या काळी इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्यात ज्याच्या नावे सातबारा, त्यालाच मोबदला. त्या शेतांवर पिढ्यान्पिढ्या राबलेल्या भूमिहीन मजुराला तो कायदा ओळखतच नव्हता. २०१३ च्या नव्या कायद्याने शेतमजुरालाही बाधित कुटुंब मानले, पण तो लागू झाला १ जानेवारी २०१४ पासून. आणि भूमिहीन शेतमजूर बहुतांशी कोणत्या समाजाचा असतो, हे या वाचकांना सांगायला नको.

जमिनीपाठोपाठ सवलती आल्या. विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम, २००५ नुसार सीमाशुल्कात सूट मिळाली. २०२० पूर्वी काम सुरू केलेल्या युनिटांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे आयकर पूर्ण माफ झाला. रस्ते, पाणी, वीज यांची सोय शासकीय यंत्रणेने केली. एवढे सगळे सार्वजनिक पैशातून झाल्यावर भरतीचा दिवस उजाडला की सांगितले जाते, "आम्ही खाजगी कंपनी आहोत, आमच्याकडे फक्त गुणवत्ता चालते."

येथे कायद्याचे पुस्तक उघडून पाहावे लागते. महाराष्ट्र राज्य लोकसेवा आरक्षण अधिनियम, २००१ हा कायदा (२००४ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ८) २९ जानेवारी २००४ पासून अमलात आहे. अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७ टक्के, इतर मागासवर्ग १९ टक्के आणि विमुक्त, भटके, विशेष मागास प्रवर्ग धरून एकूण ५२ टक्के आरक्षण त्यात आहे. पण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट त्याच्या व्याख्येत आहे. शासनाकडून सवलतीच्या दराने जमीन किंवा अन्य कोणतीही आर्थिक सवलत मिळालेल्या संस्था आणि उद्योग यांनाही तेथे शासन अनुदानित संस्थांत धरले आहे. सवलत कायद्यापूर्वी मिळालेली असो की नंतर.

विधिमंडळाने हे लिहून ठेवले. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मिहानमधील किती कंपन्यांत बिंदुनामावली आहे? किती कंपन्यांचा अनुशेष मोजला गेला?

कंपन्यांचे वकील म्हणतील की, संविधानाचे कलम १६(४) शासनाच्या नोकऱ्यांपुरते आहे आणि कलम १९(१)(छ) नुसार व्यवसायाचे स्वातंत्र्य आम्हालाही आहे. त्यांनी हा युक्तिवाद जरूर न्यायालयात करावा. परंतु न्यायालय रद्द करीत नाही तोवर विधिमंडळाचा कायदा वैध मानायचा असतो. जो कायदा वापरायचाच नाही, त्याची कसोटी तरी कशी लागणार?

"गुणवत्ता" या शब्दाचीही झडती घेऊ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. पदवी तीच, आडनाव वेगळे. ही कसली गुणवत्ता?

उद्योगपतींच्या स्वेच्छेचा मार्गही आजमावून झाला. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी आवाहन केले. सीआयआय आणि असोचॅम यांनी जमशेद इराणी यांच्या नेतृत्वाखाली कृती आराखडा मांडला. त्यात प्रशिक्षण होते, शिष्यवृत्त्या होत्या. बंधन मात्र नव्हते. आजही बहुतेक कंपन्या आपल्याकडे कोणत्या प्रवर्गाचे किती लोक आहेत, हे जाहीर करीत नाहीत. जे मोजायचेच नाही, ते सुधारणार कसे?

आणखी एका फसवणुकीकडे लक्ष वेधतो. विशेष आर्थिक क्षेत्रात कामगार कायदे लागू नाहीत, असे कंत्राटदार बिनदिक्कत सांगतात आणि सफाई, पहारा, गाडी चालविणे ही कामे करणारी आपली माणसे ते खरे मानतात. हे खोटे आहे. त्या कायद्याच्या कलम ४९ च्या परंतुकानेच कामगार कल्याण, भविष्य निर्वाह निधी, नुकसानभरपाई, प्रसूतीलाभ यांविषयीच्या केंद्रीय कायद्यांना हात लावायला मनाई केली आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या असून प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्या.

वेळही हाती फार नाही. टीसीएसने २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के नोकरकपात जाहीर केली. जी कामे स्वस्त म्हणून आपल्या शहरांकडे आली, त्यांतली कितीतरी आता यंत्राकडे जात आहेत. दार आपल्यासाठी उघडण्याआधीच बंद होऊ लागले, तर पुढची पिढी आपल्याला जाब विचारील.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये खाजगी मालकाने कारखान्यात किंवा व्यापारी संस्थेत सामाजिक दर्जावरून केलेला भेदभाव गुन्हा मानावा, अशी मागणी केली होती. खाजगी मालक हा जातीपासून मुक्त असतो, या भ्रमात ते कधीच नव्हते. मग आपण का राहावे?

म्हणून तीन कामे हाती घ्यावीत. माहिती अधिकाराखाली विमानतळ विकास कंपनीकडून प्रत्येक भाडेपट्ट्याच्या अटी, जमिनीचा दर आणि दिलेल्या सवलती मागवाव्यात. त्या कागदांच्या आधारे सामाजिक न्याय विभागाकडे २००१ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची लेखी मागणी करावी आणि उत्तर न आल्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावे. तिसरे म्हणजे, मुलांची इंग्रजी आणि मुलाखतीची तयारी वस्तीतील विहारांत आणि अभ्यासिकांत करून घ्यावी. हक्क कागदावर मिळाला आणि हक्क घ्यायला उमेदवारच नसला, तर दोष कुणाला देणार?