बस्ता बांधताना विणकराचे गाव विचारा

बस्त्यासाठी नागपूरला जाल तेव्हा करवतकाठी साडी जरूर पाहा. काठाला करवतीसारखे दाते, म्हणून हे नाव. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या अळ्यांचा कोसा आणि तीन धोटे, दोन काठांचे व एक अंगाचा, अशी ही विदर्भातील हातमागाची कला. यंत्रमागावरची नक्कल स्वस्त मिळते. तिच्यापुढे विणकराची साडी पडून राहते.

म्हणून दुकानात विचारा, साडी कोणत्या गावची? २००४ पासूनचा ‘सिल्क मार्क’, २००६ पासूनचा ‘हँडलूम मार्क’ आहे का? पदराचा सुटा धागा जाळून पाहा. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख चुरगळते. नकली धागा वितळून त्याची गोळी होते.

विणकराचे गाव सांगणारे दुकान सापडले, तर साडी तिथूनच घ्या.