युरोपचं फर्निचर अमेरिकेत विकायचं? खुर्ची बघण्याआधी अंतर मोजा



आयातीच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो : "डिझाइन एक नंबर असेल तर माल आपोआप खपतो ना?" नाही खपत. हे समजून घ्यायला आज युरोपचं मॉडर्न फर्निचर आणि अमेरिकेचा बाजार हे उदाहरण घेऊ. डिझाइन जगप्रसिद्ध, गिऱ्हाईक पैसेवालं, तरीही मधे चार अंतरं आहेत. जो ती भरून काढतो, तोच कमावतो.

१. मापाचं अंतर

स्वीडनच्या आयकियाने 1985 मध्ये पेनसिल्व्हेनियात अमेरिकेतलं पहिलं दुकान उघडलं. सुरुवातीला पलंग आणि चादरी युरोपच्या सेंटिमीटरच्या मापात होत्या. अमेरिकन माणूस मात्र ट्विन, क्वीन, किंग अशा मापात विचार करतो. क्वीन गादी 60 बाय 80 इंच, म्हणजे साधारण 152 बाय 203 सेंटिमीटर. युरोपात 140 बाय 200 किंवा 160 बाय 200 चालतं. घरातली चादर नव्या गादीला बसत नाही म्हटल्यावर पलंग कोण घेणार? पाण्याचे ग्लासही लोकांना लहान वाटायचे, कारण तिकडे ग्लासात भरपूर बर्फ लागतो. पुढे कंपनीने मापं बदलली आणि गाडी रुळावर आली. दिसणं युरोपचंच ठेवलं, माप गिऱ्हाइकाच्या घराचं घेतलं.

२. जागेचं अंतर

जहाजात तुम्ही जागेचं भाडं भरता. जोडलेल्या खुर्चीत निम्मी हवाच असते, आणि त्या हवेचंही भाडं तुमच्याच खिशातून जातं. ऑस्ट्रियाच्या थोनेट कंपनीने 1859 मध्ये 14 नंबरची खुर्ची काढली. सुट्या भागांच्या 36 खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावायच्या!

आता हिशेब करू. आकडे समजुतीपुरते आहेत. कंटेनरचं भाडं 6,000 डॉलर. जोडलेल्या 200 खुर्च्या बसल्या तर नगामागे भाडं 30 डॉलर. सुट्या भागांच्या 800 बसल्या तर फक्त साडेसात डॉलर. वा! पण थांबा. खुर्ची 200 डॉलरला पडत असेल, तर 200 नगांत 40,000 डॉलर अडकतात आणि 800 नगांत 1,60,000. महिन्याला 40 खुर्च्या विकल्या, तर पहिला माल पाच महिन्यांत संपेल, दुसऱ्याला वीस महिने लागतील. गोदामाचं भाडं आणि कर्जावरचं व्याज मात्र दर महिन्याला चालूच. म्हणून सुट्या भागांचा माल घ्या, पण कंटेनर दुसऱ्या व्यापाऱ्यांबरोबर वाटून घ्या. नगामागे भाडं थोडं जास्त पडेल, पण भांडवल मोकळं राहील.

३. वेळेचं अंतर

युरोपातल्या नामांकित डिझाइनरचं सामान अमेरिकेत बरीच वर्षं मुख्यतः इंटिरियर डिझायनर आणि आर्किटेक्टसाठीच्या शोरूममधून मिळायचं. साध्या गिऱ्हाइकाला सहज प्रवेश नाही, आणि ऑर्डर दिल्यावर लांबलचक वाट बघा. रॉब फोर्ब्स यांनी 1998 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'डिझाइन विदिन रीच' सुरू केलं. त्यांनी नवीन खुर्ची शोधली नाही. जी होती तीच गोदामात तयार ठेवली, कॅटलॉग थेट लोकांच्या घरी पाठवला आणि माल लवकर पोचवला. म्हणजे त्यांनी वेळ विकला. पण गोदाम भरून ठेवायला भांडवल लागतं, हे विसरू नका. छोट्या माणसाने चाळीस प्रकार ठेवण्यापेक्षा चारच ठेवावेत, पण ते कायम शिल्लक असावेत.

४. हक्काचं अंतर

प्रत्येक वेळी माल जहाजातूनच आणायला हवा असं नाही, डिझाइनसुद्धा आणता येतं. डेन्मार्कच्या फिन यूल यांचं फर्निचर तिकडे कारागीर हाताने बनवायचे. मिशिगनच्या बेकर फर्निचरने 1951 मध्ये त्यांची डिझाइन्स अमेरिकेतच कारखान्यात बनवून बाजारात आणली. मीस व्हान डेर रोह आणि लिली राइख यांची 1929 ची बार्सिलोना खुर्चीही नोल कंपनी रीतसर हक्क घेऊन बनवते. रीतसर हा शब्द महत्त्वाचा. "सेम टू सेम" कॉपी स्वस्त दिसते, पण हक्कदाराने दावा लावला तर माल, वकील आणि नाव, तिन्ही तुमच्या अंगावर येतं.

सरकारी बाजू

अमेरिकेत गादी लावलेल्या फर्निचरला आग पकडण्याबाबतचे नियम आहेत. प्लायवूड, एमडीएफसारख्या बोर्डातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडवरही मर्यादा आहे. युरोपात चालणारा सोफा तिकडे जसाच्या तसा चालेल असं गृहीत धरू नका. कारखान्याकडून चाचणीचे कागद आगाऊ रक्कम देण्याआधी मागा. शिवाय 2025 मध्ये अमेरिकेने आयात फर्निचरवर नवे शुल्क लावले. गेल्या वर्षीच्या दरावर यंदाची किंमत काढली तर नफा बंदरावरच संपू शकतो. ऑर्डर देण्याच्या आठवड्यात कस्टम्स ब्रोकरकडून चालू दर लेखी घ्या.

ऑर्डरच्या आधी कागदावर उतरवा

- हा माल गिऱ्हाइकाच्या घरात, त्याच्या मापात बसतो का?
- खरेदी, जहाजभाडं, विमा, शुल्क, गोदाम, घरपोच भाडं आणि तुटफूट धरून एक नग कितीला पडतो?
- महिन्याला किती खपेल, आणि पैसे किती महिने अडकतील?
- डिझाइनचा हक्क कोणाकडे आहे? लेखी परवानगी आहे का?

चारही उत्तरं आकड्यांत आणि कागदावर असतील, तरच पैसे पाठवा. एखादं उत्तर "बघू नंतर" असेल, तर आधी चार-पाच नमुने मागवा, खऱ्या गिऱ्हाइकाला त्यावर बसवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. नमुन्यात गेलेले पैसे परवडतात. न खपणारा भरलेला कंटेनर छोट्या धंद्याला परवडत नाही.

हा हिशेब फर्निचरपुरता नाही. तुम्ही टाइल्स आणा, दिवे आणा नाहीतर भांडी, आधी ही चार अंतरं मोजा आणि मगच ऑर्डर द्या.