पंपाच्या कंट्रोलरचे अर्थिंग व तारांतील गडबड

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वश्रुत आहे. वऱ्हाडातील इतर काळ्या रानांप्रमाणे या भागातही विहिरींवर सौर पंप दिसू लागले आहेत. ऐन उन्हाळ्यात विहिरीत पाणी असूनही कंट्रोलर ‘पाणी नाही’ असा इशारा देतो, पंप थांबतो आणि संत्र्याच्या बागेचे ओलित खोळंबते. दोष पंपाच्या माथी मारला जातो. वस्तुतः पंप पुष्कळदा निर्दोष असतो.

कंट्रोलर मोटारीचा प्रवाह सेकंदास हजारो वेळा चालू-बंद करून घडवितो. त्यामुळे मोटारीच्या केबलभोवती सतत विद्युत् खळबळ असते. पाण्याची पातळी सांगणारी बारीक तार त्याच नळीतून नेल्यास ही खळबळ तिच्यात शिरते. ढोल वाजत असता कानात सांगितलेले शब्द ऐकू येऊ नयेत, तसाच हा प्रकार होय.

प्रथम विहिरीत डोकावून पाणी खरोखर टोकांखाली गेलेले नाही, याची खात्री करावी. मोटार सुरू होताच इशारा येत असेल, तर तारांतील गडबडीचा संशय घ्यावा. मोटार बंद असतानाही तो कायम राहिल्यास तार तुटली असेल किंवा टोकांवर गाळ बसला असेल. कित्येक जण या दोन तारा एकमेकींस जोडून पंप चालवितात. हे फार घातक आहे. पाणी आटले तरी मोटार कोरडी फिरून जळते.

पातळीची तार वेगळ्या नळीतून, केबलपासून निदान फूटभर दूर न्यावी. ओलांडणे भाग पडल्यास काटकोनात ओलांडावी. जाळीचे वेष्टन असलेली तार वापरल्यास जाळी केवळ कंट्रोलरकडील टोकास जमिनीशी जोडावी. मोटारीची अर्थिंगची तार कंट्रोलरपर्यंत अखंड आणावी, कारण तिच्यावाटे ही खळबळ परतते. न्यूट्रलला अर्थिंग समजू नये.

जमिनीतील सळईचे काम जीवरक्षणाचे आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईपासून सुटते, आणि तिचा रोध वाढतो. मग मोटारीत गळती झाल्यास पेटीस हात लावणाऱ्याचा प्राण धोक्यात येतो. यास्तव सळई ओलाव्यापर्यंत खोल घालावी, खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडावे व वायरमनकडून रोध मोजून घ्यावा.

पेटी उघडण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे स्विच बंद करून दहा मिनिटे थांबावे. आत साठलेला दाब लगेच उतरत नाही. ऊन असेतो सौर तावदानांच्या तारा जिवंतच असतात, हे ग्रामसेवकांनी आवर्जून सांगावे.

दर्यापूरकडील खारपाण पट्ट्यात क्षारांमुळे मातीचा रोध कमी असतो, परंतु लोखंड लवकर गंजते. तेथे सळईचे जोड दर वर्षी, मृगापूर्वी, उघडून पाहावे लागतात.