कुंपणावरची कोरांटी आता कुंडीत

रोपवाटिकेतून आणलेली दुहेरी पाकळ्यांची फुले बाल्कनीत कितीही खुलून दिसली, तरी मधमाशी त्यांच्याकडे फारशी फिरकत नाही. अशा फुलांत पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते. मग पराग येणार कोठून? याउलट, एकेकाळी परसदारी कुंपणाला सर्रास दिसणारी काटेरी पिवळी कोरांटी ही मूळची आपल्याकडचीच. दातदुखीवर पाने चघळण्याच्या प्रथेमुळे तिला वज्रदंती असेही म्हणतात.

कोरांटी हे बहुवर्षायू झुडूप पावसाळा सरताना फुलू लागते आणि ऐन हिवाळ्यात, इतर फुले विरळ होत असताना, बहरात असते. फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार एका बाजूस आणि एक खाली, वेगळी. मध लांबट नळीच्या तळाशी असतो. तेथवर फुलपाखराची सोंड आणि शिंजिराची चोच पोहोचते. लहान मधमाश्यांना बाहेर डोकावणाऱ्या पुंकेसरांवरचे पराग मिळतात.

परंतु फुलपाखराला केवळ मध देऊन भागत नाही, त्याच्या अळीलाही अन्न हवे. ब्लू पॅन्सी व लेमन पॅन्सी या फुलपाखरांच्या काळसर, काटेरी अळ्या कोरांटीची पाने खातात. नेमके येथेच आपले चुकते. पानांना भोके दिसताच आपण फवारणी करतो आणि मग फुलपाखरे येत नाहीत म्हणून हळहळतो! कोरांटीची पाने कुरतडलेली दिसली, तर ती लावण्याचा हेतू साधला असे समजावे. झुडूप चिवट असते, पुन्हा पालवते.

लागवड सोपी आहे. पावसाळ्याच्या आरंभी वीतभर लांबीची, किंचित जून फांदी घेऊन खालची पाने काढावीत व ती निचऱ्याच्या मातीत खोचावी. मूळ धरल्यावर दहा-बारा इंची कुंडी पुरते. चार-पाच तास ऊन मात्र हवेच. पाणी बेताने द्यावे. बहर ओसरल्यावर छाटणी करावी, अन्यथा झुडूप उंडारते. काटे तीक्ष्ण असल्याने कुंडी मुलांच्या वाटेत नसावी.

परदेशस्थ नातलगांना मात्र बी पाठवू नये. उत्तर ऑस्ट्रेलियात हीच कोरांटी उपद्रवी तण ठरली आहे. आपल्याकडे रोपवाटिकेत ती क्वचितच मिळते. एखाद्या जुन्या वाड्याच्या कुंपणावरून, मालकांना विचारून, फांदी आणणे हाच सोपा मार्ग.