‘कट्यार’मधला खाँसाहेब कोण करणार? संगीत नाटकाचं गाडं दरवेळी कास्टिंगपाशीच का अडतं

एखादं जुनं संगीत नाटक ‘नव्या संचात’ येतंय अशी बातमी आली की पहिल्या दहा मिनिटांत कमेंटमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, ‘वसंतरावांनंतर खाँसाहेब कुणी करूच नये.’ दुसरी म्हणते, ‘मग काय, नाटक कपाटात ठेवून पूजा करायची का?’ मग कुणीतरी सिरियलमधल्या एका चेहऱ्याचं नाव सुचवतं आणि तिथून पुढे नाटक बाजूला राहतं, भांडण रंगतं.

मला स्वतःला हे भांडण आवडतं. एरवी कुणाला कोणती भूमिका मिळाली यावर लोक हिरिरीने बोलतात ते क्रिकेटच्या टीमबद्दल. नाटकाबद्दल तसं बोललं जात असेल तर ते नाटक अजून जिवंत आहे असं समजायला हरकत नाही. पण या वादात एक गोष्ट कायम राहून जाते. गद्य नाटकात एक नट सोडून गेला तर दुसरा येतो, थोडी कुरकुर होते आणि प्रयोग चालू राहतो. याला रंगभूमीवर सरळ ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. संगीत नाटकात मात्र एक माणूस गेला की कित्येकदा अख्खं नाटक बसतं. असं का होतं, ते नीट बघू.

‘कट्यार काळजात घुसली’चंच उदाहरण घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, पं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत आणि प्रभाकर पणशीकरांची ‘नाट्यसंपदा’. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे, पंडितजी म्हणजे भार्गवराम आचरेकर, सदाशिव म्हणजे प्रसाद सावकार आणि झरीना म्हणजे फैय्याज. आज ही यादी वाचताना वाटतं की काय नशीब होतं लोकांचं. पण यात नशिबापेक्षा नाटकाची गरज मोठी होती.

कारण हे नाटक गाण्याबद्दल आहे. बाकीच्या संगीत नाटकांत राजा गातो, प्रेयसी गाते, कारण ते संगीत नाटक आहे म्हणून. ‘कट्यार’मध्ये मात्र पात्रं गवई आहेत, आणि दोन गायकींमधला सामना हाच कथेचा गाभा आहे. खाँसाहेबाची तान कच्ची निघाली तर त्याचा अहंकार पोकळ वाटतो आणि पुढचं सगळं नाटक लटकं पडतं. सदाशिवाची भूमिका तर माझ्या मते खाँसाहेबापेक्षाही अवघड आहे. त्याच्या गळ्यात पंडितजींची गायकी आहे आणि तो चोरून शिकतोय ती खाँसाहेबांची. म्हणजे एकाच नटाला दोन घराणी गाऊन दाखवायची, आणि समोर बसलेल्या, राग न ओळखणाऱ्या माणसालाही त्यातला फरक जाणवला पाहिजे! एवढं करून वर संवाद, हालचाल आणि चेहरा आहेच.

वसंतराव त्या भूमिकेत इतके फिट्ट बसले, कारण त्यांची स्वतःची गायकी कुठल्याच एका घराण्याच्या खुंटीला बांधलेली नव्हती. ते अनेकांकडे शिकले होते, मास्टर दीनानाथांचा ठसा त्यांच्या गाण्यावर होता. कितीतरी वर्षं त्यांनी मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली होती. म्हणजे कर्तृत्व असूनही उशिरा मान मिळालेला गवई रंगमंचावर उभा होता आणि तो करत होता कर्तृत्व असूनही उशिरा मान मिळालेल्या गवयाची भूमिका. असं कास्टिंग ठरवून होत नाही.

१९८३ मध्ये वसंतराव गेले, तेव्हा त्यांचा नातू राहुल जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. २०१० मध्ये सुबोध भावे यांनी ‘कट्यार’ पुन्हा बसवलं, तेव्हा खाँसाहेब झाले राहुल देशपांडे आणि सदाशिव झाले महेश काळे. तेव्हाही ‘आजोबांसारखं नाही’ हा शेरा आलाच. पण हे दोघंही आधी गायक होते आणि रंगमंचावर उभं राहून गात होते, त्यामुळे नाटकाचा पाया शाबूत होता.

मग २०१५ चा सिनेमा आला आणि वाद वेगळ्याच जागी गेला. सचिन पिळगांवकर खाँसाहेब झाले, आवाज राहुल देशपांडेंचा. सुबोध भावे सदाशिव झाले, आवाज महेश काळेंचा. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन, ते मात्र स्वतःच गायले. नाटकाच्या जुन्या भक्तांना हे खटकलं. माझं मत असं की सिनेमासाठी ही तडजोड बरोबर होती. कॅमेरा अगदी जवळ येतो आणि त्याला डोळ्यातला मत्सर हवा असतो. आवाज स्टुडिओत वेगळा मिळवता येतो. सिनेमाने खाँसाहेबाचे दोन तुकडे केले, एक दिसणारा आणि एक ऐकू येणारा, आणि दोन्हींसाठी वेगवेगळी माणसं शोधली. नाटकाला ही सोय नाही.

एक गंमत बघा. २०११ च्या ‘बालगंधर्व’ सिनेमात सुबोध भावे दिसले आणि आनंद भाटे गायले. भाटेंना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कट्यार’साठी तोच पुरस्कार महेश काळेंना मिळाला. पुढे ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडेंना मिळाला, आणि तिथे भूमिका आणि आवाज दोन्ही त्यांचेच होते. म्हणजे संगीत नाटकाच्या जगावरच्या तीन मराठी सिनेमांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार. गाणाऱ्यांचा दुष्काळ पडलाय असं हे चित्र अजिबात सांगत नाही. मग रंगमंचावरच माणूस का मिळत नाही?

आधी माणसं यायची कुठून?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात आलं. तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं नाटक मंडळी म्हणजे एक फिरतं घर असायचं. पोरसवदा मुलं मंडळीत यायची, तिथेच राहायची, जेवायची, तालमी करायची, तिथेच गाणं शिकायची. आधी छोटी कामं, मग गळा तयार झाला की मोठी. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. मोठी पोकळी झाली. पण १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला, शकुंतला झाला, आणि पुढे त्याला सगळा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखू लागला. मंडळी हीच कास्टिंग एजन्सी होती, तीच अकादमी आणि तीच बदली खेळाडूंचा बाक.

स्टार कास्टिंगचा धंदाही तेव्हापासूनचाच आहे, बरं का. ८ जुलै १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ आठवा. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले. ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले धैर्यधर आणि ‘गंधर्व नाटक मंडळी’चे बालगंधर्व भामिनी. दोघांचे चाहते एकमेकांना पाण्यात पाहणारे. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन फॅन क्लबची एकाच थिएटरात गाठ. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. म्हणून तो प्रयोग दंतकथा होऊन बसला.

या सगळ्यात एक तांत्रिक गोष्ट दडलेली आहे. वादात ती कुणी काढत नाही, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. तेव्हा नायक पुरुष आणि नायिकाही पुरुषच. म्हणजे दोघांची पट्टी साधारण जवळपास असायची. ऑर्गनवाल्याचं काम सोपं, द्वंद्वगीत सोपं. पुढे १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली, १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या. हे व्हायलाच हवं होतं, त्यात वादच नाही. पण गाण्याचं गणित बदललं. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास गातात, बायका काळी चारच्या आसपास. दोघांनी एकाच पदात गायचं ठरवलं तर कुणीतरी एक अडचणीत येतो. एकाला खर्जात गुदमरायला होतं नाहीतर दुसऱ्याला वर ताणावं लागतं.

आता यात रिप्लेसमेंट टाका. नवी नायिका आली, तिची पट्टी वेगळी. मग ऑर्गन बदलला, तबला वेगळ्या स्वरात लावायचा, आणि जो नायक दोन वर्षं एका पट्टीत रुळलाय त्यालाही हलायचं. गद्य नाटकात नवीन नटाने पाठांतर केलं, चार तालमी झाल्या की गाडी रुळावर. इथे पदांच्या तालमी वेगळ्या, साथीदारांबरोबरच्या वेगळ्या. शिवाय पद किती वेळ रंगवायचं, ‘वन्स मोअर’ आला तर कुठून उचलायचं, हे सगळं त्या नव्या गळ्यावर ठरतं.

मग आज अडतंय कुठे?

सरळ सांगायचं तर पैशात आणि तारखांत. व्यावसायिक मराठी रंगभूमीवर कलाकाराला ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोगागणिक मानधन. तालमीच्या दिवसांतली कमाई जवळपास शून्य. ज्याचा गळा ‘कट्यार’ पेलण्याइतका तयार आहे, तो गायक मैफली करतो, दिवाळी पहाट करतो, परदेश दौरे करतो, शिष्यांना शिकवतो. त्याने दोन महिने तालमीला द्यावेत, मग शनिवार-रविवार अडकवून ठेवावेत आणि आवाज बसला तर मैफलही गमवावी, हे गणित जुळवायला नाटकावर वेडं प्रेमच लागतं. दुसरीकडे ज्याचा चेहरा बुकिंग आणतो तो नट सिरियलमध्ये महिन्याचे बहुतेक दिवस बांधलेला. त्याला अभिनय येतो, तिकिटं विकली जातात, पण त्याला गाणं शिकवायला दोन महिने पुरत नाहीत.

निर्मात्यापुढे मग तीन वाटा उरतात. गायक घ्या आणि त्याच्याकडून अभिनय करवून घ्या. नट घ्या आणि पदं कमी करा. नाहीतर ट्रॅक लावा आणि ओठ हलवा. तिसऱ्या वाटेबद्दल माझं मत कडक आहे. संगीत नाटकाचं तिकीट काढणारा माणूस त्या क्षणाला गळा काय करतोय हे ऐकायला आलेला असतो. रेकॉर्डिंग त्याच्या मोबाइलवर फुकट आहे. पहिली वाट मला सगळ्यात परवडते, कारण अभिनय तालमीत सुधारताना मी पाहिलाय.

चौथी वाटही आहे, आणि ती ‘संगीत देवबाभळी’ने दाखवली. प्राजक्त देशमुखचं नाटक, आनंद ओक यांचं संगीत, २०१७ मध्ये रंगमंचावर आलं. पात्रं फक्त दोन. आवली म्हणजे शुभांगी सदावर्ते, लखूबाईच्या रूपातली रखुमाई म्हणजे मानसी जोशी. दोघी तेव्हा कुठल्या मोठ्या स्टार नव्हत्या, पण दोघी गाणाऱ्या आणि दोघी अभिनय करणाऱ्या. दोघीही स्त्रिया, त्यामुळे पट्टीचा झगडा नाही. संगीत अभंग-ओवीच्या वळणाचं, त्यामुळे तासभर ताना मारणारा गळा लागत नाही. नाटकाने आपल्याला मिळतील अशा माणसांना साजेसा आकार घेतला आणि २०२३ पर्यंत गर्दी खेचली. जुन्या नाटकासाठी माणूस शोधत बसण्यापेक्षा हाताशी असलेल्या माणसांसाठी नवं संगीत नाटक लिहिणं, ही गोष्ट किर्लोस्कर-खाडिलकरही करायचेच. पात्र लिहिताना कंपनीत कोण आहे हे त्यांना माहीत असायचं.

माणसांचा आणखी एक जुना साठा म्हणजे गोवा. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, अभिषेकीबुवा मंगेशीचे, ज्योत्स्ना भोळे, प्रसाद सावकार, रामदास कामत, आशालता, सगळे गोव्याचे. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’साठी वसंत कानेटकर, अभिषेकी आणि गोवा हिंदू असोसिएशन एकत्र आले, तेव्हा पराशर रामदास कामत आणि सत्यवती आशालता, असं गाणारं आणि बोलणारं जोडपं घरचंच मिळालं. गोव्यात आजही देवळाच्या जत्रेत हौशी मंडळी संगीत नाटक करतात, कला अकादमीच्या स्पर्धेत गावोगावचे संच उतरतात. महाराष्ट्र शासनाची संगीत नाट्य स्पर्धाही आहे. तिथे विशीतली मुलं खाँसाहेब आणि भामिनी करतात, त्यातली काही कान टवकारावेत अशी गातात. स्पर्धा संपली की बहुतेकांची नावं पुढे ऐकू येत नाहीत. मुंबई-पुण्याच्या जाहिरातीत मात्र पुन्हा तेच चार चेहरे.

म्हणून पुढच्या वेळी ‘नव्या संचात’ची जाहिरात फीडमध्ये आली की नायकाच्या फोटोच्या खाली बघा. ऑर्गन कोण, तबला कोण, हे छापलंय का? पदं प्रत्यक्ष गायली जाणार असं लिहिलंय का? बदली कलाकाराचं नाव आहे का? मुख्य गायक आजारी पडला तर त्या रविवारी प्रयोग होणार की तिकिटाचे पैसे परत, हे त्या तीन ओळींवरून कळतं. कमेंटमध्ये विचारायचंच असेल तर निर्मात्याला हे विचारा. खाँसाहेब कोण, यावर तर आपण भांडतोच आहोत.