कायदा पाठ असलेला साहेब

कार्यालयांत आणि कारखान्यांत दर वर्षी जे 'कायदेविषयक प्रशिक्षण' होतं, त्यावर आज बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं तिथे काय काम, असं कुणाला वाटेल. काम आहे, बघा. नियम माहीत असणं आणि समोरच्या प्रसंगात तो लागू पडतो हे ओळखणं, या दोन वेगळ्या शक्ती आहेत, असं कांटने अठराव्या शतकात सांगून ठेवलं आहे. वैद्य, न्यायाधीश, राज्यकर्ता यांना नियम उत्तम येत असतील, तरी ते लावताना त्यांची चूक होऊ शकते. कारण नियम कसा लावायचा याचा नियम केला, तर तो लावायला आणखी एक नियम लागणार. ही निर्णयशक्ती शिकवता येत नाही, तिचा फक्त सराव करता येतो.

आता कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घ्या. लोक त्याला 'पॉश' म्हणतात. याचं मूळ राजस्थानात आहे. भंवरी देवी या सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून काम करत. बालविवाह थांबवायला गेल्या, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला. १९९७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्या तिघांत आपल्या मुंबईच्या सुजाता मनोहर होत्या. त्या तत्त्वांचा कायदा व्हायला पुढे सोळा वर्षं गेली.

या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रशिक्षण मालकाचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे: कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा, समितीच्या सदस्यांसाठी वेगळं प्रशिक्षण. प्रत्यक्षात काय होतं? पडद्यावर चाळीस स्लाइड, शेवटी दहा प्रश्न, आणि प्रमाणपत्र. प्रश्न कसले? अंतर्गत समिती किती कर्मचाऱ्यांवर बंधनकारक? दहा. चौकशी किती दिवसांत पूर्ण करायची? नव्वद. उत्तरं बरोबर आली, की माणूस 'प्रशिक्षित' झाला!

खरी परीक्षा होते ती सुपरवायझरच्या टेबलापाशी. संध्याकाळी एखादी मुलगी येते, दाराशी घुटमळते आणि म्हणते, "साहेब, एक सांगायचं होतं, पण कुणाला बोलू नका." साहेब बऱ्याचदा वाईट नसतो. उलट भला असतो, म्हणूनच गडबड होते. तो म्हणतो, "बरं झालं सांगितलंस. मी त्याला समज देतो. लेखी कशाला? तुझंच नाव होईल." आपल्याकडे वडीलधाऱ्याने दोघांना बसवून मिटवायची जुनी सवय आहे, आणि तिला आपण समजूतदारपणा म्हणतो. पण इथे कायद्याने ती वाट मुद्दाम अरुंद ठेवली आहे. समेट होऊ शकतो. तो समितीमार्फत, चौकशी सुरू होण्याआधी, आणि त्या स्त्रीने स्वतः मागितला तरच. पैसे देऊन मिटवणं त्यात बसत नाही. साहेबाने परस्पर घडवलेली दिलजमाई कायद्याच्या हिशेबात समेटच नव्हे.

शिवाय मुदत चालूच असते, बरं का. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. साहेबाच्या 'बघू या, जरा थांब' मध्ये दिवाळी येते, वार्षिक हिशेब येतात, आणि मुदत संपते. आणि हे केवळ 'वरच्यांचं' काम आहे, असंही म्हणायची सोय नाही. कायद्यात 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत कामाच्या ठिकाणच्या व्यवस्थापनाला, देखरेखीला आणि नियंत्रणाला जबाबदार असलेली व्यक्तीही येते.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच महाग पडते. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात २००९ मध्ये तक्रारी आल्या. समितीने चौकशी अतिशय घाईने उरकली, प्राध्यापकाला बडतर्फ केलं गेलं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण बाजू मांडायची पुरेशी संधी दिली गेली नव्हती, आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षं! आरोप खरे की खोटे, याचा निकाल त्यात लागलाच नाही. तक्रार करणाऱ्या मुलींना यातून काय मिळालं, आणि त्या प्राध्यापकाला तरी काय? त्याच निकालात न्यायालयाने समित्यांच्या सदस्यांना नियमित प्रशिक्षण द्यायला सांगितलं आहे. हेतू शुद्ध असला, तरी पद्धत यावी लागते.

म्हणून माझं म्हणणं असं, की त्या दहा प्रश्नांच्या जागी दोन-तीन प्रसंग ठेवा. कंत्राटदाराकडून आलेली सफाई कामगार आहे. तिला लिहिता येत नाही. ती मुकादमाबद्दल काही सांगते आहे, तेही अर्धवट. आता सुपरवायझरांनी एकमेकांसमोर बसून बोलून दाखवावं: पहिलं वाक्य काय म्हणाल? 'तू आमची कर्मचारी नाहीस' असं तोंडातून निघालं, तर तिथेच थांबवायचं. कायद्यात कंत्राटी कामगारही येते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला समितीने मदत करायची असते, हे तिला सांगायचं. समितीच्या अध्यक्ष कोण, त्या कुठे बसतात, हे साहेबाला फलक न बघता सांगता आलं पाहिजे. 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन मात्र द्यायचं नाही, कारण समितीकडे न्यायचं तर ते पाळता येणार नाही. 'गरज आहे त्यांच्यापलीकडे ही गोष्ट जाणार नाही' एवढंच म्हणायचं.

हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते. अडखळू द्या, तिथे वर्गात.

बरं, आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.